लिथियम बॅटरी बँक फुल्ल दाखवते, पण वेग वाढवला की बंद पडते: बीएमएस बदलण्याआधी हे मोजा

विजेच्या मोटरवर चालणाऱ्या होडीवाल्यांची तक्रार साधारण एकाच साच्याची असते. ॲपमध्ये बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के, व्होल्टेज 13.2. होडी हळू चालवली तर तास-दीड तास काही होत नाही. वाऱ्याविरुद्ध जायचं म्हणून हँडल पूर्ण फिरवलं की दोन-चार सेकंदांत मोटर, दिवा, मोबाइलचं चार्जर, सगळं एकदम बंद. थोडं थांबलं की आपोआप सुरू होतं. पुन्हा वेग वाढवला, पुन्हा बंद. याच्या जोडीला आणखी एक तक्रार असते आणि ती लोक वेगळी समजतात: भर दुपारी ऊन कडक असताना सोलरचं चार्जिंग मध्येच थांबतं आणि थोड्या वेळाने परत चालू होतं.

या दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की बँक तोडणारं सर्किट, बदलू नका. तो बहुतेक वेळा ठीकच असतो. तो जे बघतोय ते खरं नसतं, एवढंच. आणि काही जण पुढचं पाऊल म्हणून बीएमएसच्या दोन जाड वायरी एकमेकींना जोडून त्याला बायपास मारतात, ते तर अजिबात करू नका. पाण्याच्या मधोमध असलेल्या लाकडी होडीवर सेलला राखण करणारी ती एकच वस्तू आहे.

मी हे जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवरच्या एका होडीच्या आधाराने सांगतो. चांगदेवच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ ती चालते. पक्षी बघायला येणाऱ्यांना डिझेलचा आवाज नको असतो, म्हणून मालकाने 12 व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीची छोटी विजेची मोटर, लावली. पूर्ण वेगाला ती सुमारे 50 अँपिअर ओढते. बँक घरीच बांधलेली: लिथियम आयर्न फॉस्फेटचे 100 अँपिअर-अवरचे चार सेल सिरीजमध्ये, 100 अँपिअरचा बीएमएस, छतावर 330 वॅटचं एक पॅनेल आणि त्यावरून बँक चार्ज करणारा एमपीपीटी कंट्रोलर. कागदावर सगळं बरोबर. मालकाचं म्हणणं, "बॅटरी फुल्ल दाखवते भाऊ, पण हँडल फिरवलं का सगळं बंद." बीएमएस एकदा बदलूनही झाला होता. नवा बीएमएसही तसाच वागला, आणि इथेच खरं तर उत्तर मिळालं होतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी. या रसायनाचा सेल 20 टक्क्यांवर असो की 80 वर, आराम अवस्थेत त्याचं व्होल्टेज 3.2 ते 3.3च्या आसपासच राहतं. लेड-ॲसिडला आपण मीटर लावून "12.4 आहे, म्हणजे एवढी उरली" असं सांगायचो, ती सवय इथे कामाची नाही. चारही सेल 3.29 दाखवतायत म्हणजे ते सारखे भरलेत असंही नाही आणि निरोगी आहेत असंही नाही. बंद पडलेल्या, थंड बसलेल्या बँकेवर मोजलेला आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. मोजायचं ते लोड चालू असताना.

म्हणून पहिलं काम: होडी काठाला दोराने पक्की बांधा, मोटर पाण्यात ठेवा, एक जण हँडलवर आणि एक जण ॲपवर. अर्धा वेग द्या, चारही सेलचे आकडे लिहून घ्या. मग पूर्ण वेग द्या आणि बंद पडायच्या आत परत लिहा. चारही सेल सोबत खाली जायला हवेत, थोडेसे. या होडीवर पूर्ण वेगाला पहिला, दुसरा आणि चौथा सेल 3.22वर आले. तिसरा 2.75वर जाऊन बसला. बीएमएसची कमी व्होल्टेजची मर्यादा 2.8 ठेवलेली होती. तिसरा तिच्याखाली गेला, बीएमएसने तोडलं. त्याने नेमून दिलेलं कामच केलं.

इथे बहुतेक लोक म्हणतात, तिसरा सेल खराब, नवा मागवा. थांबा. आता साधा मल्टिमीटर घ्या आणि पूर्ण वेग चालू असतानाच तिसऱ्या सेलच्या दोन टर्मिनलवर लावा. बसबारवर (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) नाही, नटवर नाही, सेलच्या स्वतःच्या ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर, पिन टोचून. तिथे 3.22 आले. म्हणजे सेल बाकीच्यांसारखाच आहे. ॲपमधला 2.75 आणि हा 3.22, यांच्यातला 0.47 व्होल्ट सेलबाहेर कुठेतरी हरवतोय. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक पिन टर्मिनलवर आणि दुसरी त्यावरच्या बसबारवर ठेवली. चांगल्या जोडावर 50 अँपिअरला पाच-दहा मिलिव्होल्टच्या वर काही दिसायला नको. या जोडावर जवळजवळ 470 दिसले.

50 अँपिअरला 0.47 व्होल्ट म्हणजे त्या एका जोडाचा रोध 9 मिलिओहमच्या थोडा वर. तिथे 23 वॅटहून जास्त उष्णता तयार होत होती. एक छोटा सोल्डरिंग आयर्न बॅटरीच्या डब्यात, थेट सेलच्या डोक्यावर चालू ठेवल्यासारखं. मालकाला डब्यातून प्लास्टिकचा वास यायचा, तो उन्हामुळे येतो असं वाटून सोडून दिला होता. वास आला की डबा उघडा, मग ऊन असो नसो.

आता दुपारच्या चार्जिंगचं बघा. चार्ज करताना करंट उलट्या दिशेने जातो, म्हणून तोच जोड तिसऱ्या सेलचं व्होल्टेज खरं आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. सोलरमधून 20 अँपिअर येत असतील तर साधारण 0.19 व्होल्ट जास्त. सेल प्रत्यक्षात 3.46वर असताना बीएमएसला 3.65 दिसतात आणि तो "सेल ओव्हर झाला" म्हणून चार्जिंग तोडतो. करंट थांबला की खोटं व्होल्टेजही जातं, 3.4च्या आसपास दिसायला लागतं, बीएमएस पुन्हा जोडतो. सकाळी-संध्याकाळी करंट कमी असतो तेव्हा हे होत नाही, फक्त कडक उन्हातच होतं. त्यामुळे लोक गरमीला दोष देतात. अर्ध्या वेगाला बँक का चालते, याचंही कारण हेच: 25 अँपिअरला तूट निम्मी, बीएमएसला सेल 3.0च्या आसपास दिसतो, आणि तो तोडत नाही.

तेव्हा ही खूण लक्षात ठेवा. तोच एक सेल लोड आला की क्षणात खाली, चार्जिंग सुरू झालं की क्षणात वर, आणि करंट थांबला की बाकीच्यांच्या रांगेत: हा रोधाचा मामला आहे. आधी जोड तपासा. जोड स्वच्छ निघाला आणि सेलच्या स्वतःच्या टर्मिनलवरही आकडा तसाच पडत असेल, तर आणि तरच सेल आतून थकलाय म्हणा.

एक बारकावा इथे फसवतो. दोन सेलच्या मधल्या बसबारवर सेन्स वायर, म्हणजे बीएमएसला सेलचं व्होल्टेज दाखवणारी बारीक वायर, एकच असते. खराब जोड त्या वायरच्या कोणत्या बाजूला आहे, त्यावर दोष तिसऱ्याच्या नावावर जाईल की चौथ्याच्या ते ठरतं. म्हणून ॲपने तिसरा म्हटला तरी दोन्ही शेजाऱ्यांचे जोड मिलिव्होल्टने मोजून घ्या. आणि ॲपमध्ये एक सेल जेवढा वर उडतो, बरोबर तेवढाच शेजारचा खाली जातो असं दिसलं, बेरीज मात्र तीच राहते, तर ती बारीक सेन्स वायर किंवा तिचं क्रिंप (टोकाला दाबून केलेला जोड) ढिलं आहे. सेलला हातही लावू नका, वायर नीट करा.

जोड उघडून नीट करणं

सगळा लोड बंद, मग पॅनेलची वायर कंट्रोलरपासून काढा, मग बँकेचा फ्यूज काढा. हाच क्रम. पॅनेल जोडलेलं ठेवून बॅटरी काढली तर काही स्वस्त कंट्रोलर पॅनेलचं पूर्ण व्होल्टेज लोडच्या बाजूला सोडतात आणि दिवे जातात. अंगठी, कडं, हातातलं घड्याळ काढून ठेवा. पान्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण हे सेल शॉर्ट झाले तर हजारांत अँपिअर सोडतात आणि पाना तिथेच वितळून चिकटतो.

या होडीवर दोन गोष्टी निघाल्या. एक, नट हाताने फिरत होता. लाटेने, मोटरच्या थरथरीने, काठावर आपटण्याने असं होतंच. दुसरी जास्त महत्त्वाची: सेन्स वायरचं लग (टोकाची भोक असलेली पत्र्याची टिकली) बसबारच्या खाली दाबलेलं होतं, म्हणजे टर्मिनल आणि बसबार यांच्या मध्ये. सगळा करंट त्या पातळ पत्र्यातून जात होता. क्रम असा हवा: टर्मिनल, त्यावर थेट बसबार, त्यावर सेन्स वायरचं लग, मग वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि नट.

ॲल्युमिनियमवर हवेत काही क्षणांतच ऑक्साइडचा थर येतो, आणि तो थर वीज नेत नाही. टर्मिनल आणि बसबारची बसणारी बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जोडासाठी मिळणाऱ्या अँटी-ऑक्सिडंट पेस्टचा अगदी पातळ हात द्या आणि लगेच बसवा. घासून ठेवलं आणि जेवून आलो, असं चालत नाही. बसबार नुसत्या तांब्याचा नको, निकेल किंवा कथिलाचा मुलामा असलेला घ्या. होडीवर तर सरळ पट्टीपेक्षा मध्ये वाक असलेला किंवा लवचिक बसबार चांगला, कारण सेल भरताना किंचित फुगतो, रिकामा होताना बसतो, आणि सरळ पट्टी ते सगळं टर्मिनलच्या स्क्रूवर ओढते. नट टॉर्क पान्यानेच आवळा, सेल बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला. टर्मिनलचे आटे ॲल्युमिनियममध्ये असतात. जोर लावला की आटे जातात, आणि आटे गेले की सेल गेला.

डबा उघडलाच आहे तर सेलच्या मध्ये इपॉक्सी शीट आहे का बघा. निळ्या प्लास्टिकच्या आत ॲल्युमिनियमचा डबा असतो आणि त्याच्यात सेलचं व्होल्टेज असतं. दोन सेल एकमेकांवर घासून ते प्लास्टिक फाटलं तर आतल्या आत शॉर्ट. थरथरणाऱ्या होडीवर ही भीती घरच्या इन्व्हर्टरपेक्षा कितीतरी जास्त आहे.

जोड बसवल्यावर परत तीच चाचणी: पूर्ण वेग, चारही सेल. या वेळी तिसरा 3.21वर थांबला. जोडावर 6 मिलिव्होल्ट. दुपारचं चार्जिंगही त्या दिवशी तुटलं नाही.

जोड चांगले आहेत, तरी बंद पडते

मग बहुधा बॅलन्सचा, म्हणजे चारही सेल सारखे भरलेले नसण्याचा, प्रश्न. त्याची लक्षणं वेगळी असतात. मधल्या टप्प्यात सगळे सेल सारखे वागतात, गडबड फक्त टोकाला दिसते. चार्जिंग संपत आलं की एक सेल 3.6च्या पुढे पळतो आणि बाकीचे 3.38वर रेंगाळतात. हा पळणारा सेल डिस्चार्जच्या शेवटी पहिला रिकामा होत नसेल, तर तो फक्त बाकीच्यांपेक्षा जास्त भरलेला आहे. उलट एकच सेल वर यायला मागे राहतो आणि रिकामा व्हायला पहिला असतो, तर तो कमी भरलेला आहे. दोन्ही दुरुस्त होतात. पण जो सेल चार्जिंगला पहिला वर आणि डिस्चार्जला पहिला खाली, त्याची क्षमताच कमी झालीय. त्याला कितीही बॅलन्स करा, बँक त्याच्याएवढीच चालणार.

"बीएमएस बॅलन्स करतो ना?" करतो, पण किती? साध्या बीएमएसचा बॅलन्स करंट 50 ते 100 मिलिअँपिअर असतो आणि तोही सेल 3.4च्या वर गेल्यावरच सुरू होतो. तीन अँपिअर-अवरचा फरक 50 मिलिअँपिअरने काढायला 60 तास लागतात. सोलरवर बँक त्या वरच्या पट्ट्यात दिवसातून कितीशी राहते? तासभर धरा. म्हणजे दोन महिने, तेही रोज पूर्ण भरली तर. म्हणून नवे सेल जोडताना आधी टॉप बॅलन्स, म्हणजे सगळे सेल पूर्ण भरून एका पातळीला आणणं, करायलाच हवा, आणि घरी बांधलेल्या बँकेत नेमकं हेच टाळलं जातं, कारण सेल आल्यावर कधी एकदा होडीवर चढवतो असं होतं.

पद्धत सोपी आहे, वेळखाऊ आहे. आधी चारही सेल सिरीजमध्ये बीएमएससकट चार्ज करा, कोणताही एक सेल वर पोचून बीएमएस तोडेपर्यंत. मग बीएमएस आणि सिरीजची जोडणी काढून चारही सेल पॅरलल करा, म्हणजे सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र. बेंच पॉवर सप्लाय काहीही न जोडता 3.65वर लावा, मीटरने खात्री करा, मगच जोडा. सप्लायवर व्होल्टेज बराच वेळ 3.4च्या आसपासच दिसेल. तिथे धीर सुटतो आणि लोक व्होल्टेजचं बटण फिरवून वाढवतात. मग रात्री केव्हातरी सेल भरतात आणि सकाळी फुगलेले सापडतात. बटणाला हात लावू नका. करंट उतरत अँपिअर-दोन अँपिअरवर आला की झालं, काढून घ्या. दिवसचे दिवस 3.65वर लटकवत ठेवू नका. हे काम होडीवर नाही, घरी, डोळ्यांसमोर करायचं.

कंट्रोलरची सेटिंग

खान्देशात ही गोष्ट मुद्दाम बघावी लागते. कंट्रोलर लेड-ॲसिडच्या सेटिंगवर राहिला असेल तर त्यात तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय चालू असते. 12 व्होल्टच्या बँकेला दर अंशाला 30 मिलिव्होल्ट धरा, 25 अंशांपासून. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात 45 अंश म्हणजे नेहमीचं, तेव्हा 14.4ची सेटिंग आपोआप 13.8वर येते. बँक वरच्या पट्ट्यात जेमतेम पोचते, बॅलन्स नीट होत नाही. जानेवारीच्या पहाटे 10 अंश असताना तीच सेटिंग 14.85वर जाते, आणि चार सेलची कमाल मर्यादा 14.6 आहे. ही सोय लिथियमसाठी बंद करा. इक्वलाइझ (लेड-ॲसिडला अधूनमधून द्यायचं जास्तीचं व्होल्टेज) बंद करा. ॲब्सॉर्प्शन (भरतानाचं वरचं व्होल्टेज) 14.2, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) 13.4 किंवा 13.5 ठेवा. यात थोडी क्षमता मागे राहते असं कोणी म्हणेल; माझ्या मते त्या दोन-तीन टक्क्यांसाठी सेलला रोज टोकाला नेणं परवडत नाही.

होडीच्या बॅटरीबद्दलचे बरेच सल्ले समुद्रातल्या होड्यांचे असतात, खाऱ्या पाण्याचे. तापीचं पाणी गोडं आहे. आपला शत्रू ऊन आणि धूळ. पत्र्याच्या डब्यात, उघड्या डेकवर ठेवलेली बँक मे महिन्यात 60 अंशांच्या वर सहज जाते आणि बहुतेक बीएमएस 55 ते 65 अंशांच्या दरम्यान चार्जिंग तोडतात. त्या वेळी ॲपमध्ये कारण तापमानाचं दिसतं, सेलच्या व्होल्टेजचं नाही. हे कारण वाचायची सवय लावा, अर्धं निदान तिथेच होतं. बँक बाकाखाली सावलीत हलवा, डब्याला आरपार हवा जाईल अशी भोकं ठेवा, तळाचं पाणी पोचणार नाही इतकी उंच ठेवा.

कारण ओव्हरकरंटचं दिसत असेल तर आधी मोटरचा पाण्यातला पंखा बघा. तुटकं जाळं किंवा पाणगवत गुंडाळलं गेलं की मोटर अडते आणि करंट उसळतो. बँकेत शोधत बसू नका.

वायरही तपासा. 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने बँक ते मोटर तीन मीटर अंतर, जाऊन-येऊन सहा मीटर, यात 50 अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो. 25 चौरस मिलिमीटर घातली तर 0.2. फ्यूज बँकेच्या प्लस टर्मिनलच्या जितका जवळ असेल तितका चांगला, आणि डीसीचा हवा. घरच्या वायरिंगच्या दुकानातली एसीची एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी विझवायला ती बनवलेली नसते, ठिणगी आतच जळत राहू शकते. डिझेल इंजिनाच्या अल्टरनेटरवरून चार्ज करायचं असेल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर घालाच. थेट जोडलेल्या अल्टरनेटरला लिथियम पूर्ण पिळून घेतं, तो तापून जळतो. आणि चालू चार्जिंगमध्ये बीएमएसने तोडलं तर व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जातात.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडतात तेव्हा होडी थडीवर ओढली जाते आणि बँक महिनोन् महिने तशीच पडते. यात अनेक बँका मरतात. बीएमएस स्वतः, ब्लूटूथसकट, 10 मिलिअँपिअर खात असेल तर तीन महिन्यांत 21 अँपिअर-अवर जातात. 15 टक्क्यांवर ठेवलेली 100 अँपिअर-अवरची बँक पोळ्यापर्यंत मेलेली असते. ठेवताना निम्मी भरा, फ्यूज काढा, बीएमएसला बंद करायची सोय असेल तर तोही बंद करा, नसेल तर महिन्याने एकदा बघून या. ठेवलेल्या बँकेतला एखादा सेल 2 व्होल्टच्या खाली गेलेला सापडला किंवा फुगलेला दिसला, तर तो चार्जरला लावून "उठवण्याच्या" भानगडीत पडू नका. त्याला बँकेतून काढा, घराबाहेर सावलीत कोरड्या जागी ठेवा, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि त्याच्या जागी नवा सेल घालताना चारही सेलचा टॉप बॅलन्स परत करा.